कामगार दिनाला जत्रेत राबणाऱ्यांचा हिशेब

अमेरिकेत कामगार दिन १ मेला नसतो. तो सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येतो, आणि मिनेसोटात नेमका तोच स्टेट फेअरचा, म्हणजे राज्याच्या वार्षिक जत्रेचा, शेवटचा दिवस असतो. ऑगस्टअखेरच्या गुरुवारी भरलेली ही बारा दिवसांची जत्रा लेबर डेच्या रात्री उठते. मंगळवारी सकाळी राज्यातली बरीच मुलं नव्या वर्गात जाऊन बसतात. देशातल्या कष्टकऱ्याने ज्या दिवशी निवांत पाय पसरावेत असं सरकारने ठरवलं, त्या दिवशी जत्रेत हजारो कष्टकरी कामावर असतात, आणि त्यांतल्या कित्येकांनी मधल्या दिवसांत एकही सुट्टी घेतलेली नसते.

सणाच्या दिवशी काम चालू राहतं याला माझा आक्षेप नाही. सण कुणाच्या ना कुणाच्या कष्टावरच उभा असतो. माझा आक्षेप कायद्याला आहे. आठवड्याच्या चाळीस तासांपलीकडे राबवलंत तर दीडपट मजुरी मोजा, हा या देशातला जुना आणि मोठ्या लढ्याने मिळवलेला नियम. तो जत्रेच्या फाटकापाशी येऊन थांबतो. फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्यातली ती सवलत निदान एवढ्या मोठ्या जत्रांसाठी रद्द व्हायला हवी, आणि ती रद्द होईपर्यंत मिनेसोटाच्या जत्रेने स्वतःहून ती नाकारायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

आधी कायदा काय आहे ते सांगतो, कारण वर्षानुवर्षं जत्रेला जाणाऱ्यांनाही तो माहीत नसतो. १९३८ साली फ्रँकलिन रूझवेल्टच्या काळात फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट झाला. किमान मजुरी, ओव्हरटाइम, लहान मुलांच्या कामावर बंधनं, हे सगळं त्यातून आलं. पण त्या कायद्याला सुरुवातीपासूनच पळवाटा होत्या आणि पुढे त्यांत भरही पडली. त्यांतली एक अशी: जी करमणुकीची किंवा मौजमजेची आस्थापना वर्षातून सात महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, तिच्या कामगारांना या कायद्याची किमान मजुरीही लागू नाही आणि ओव्हरटाइमही नाही. या कलमाचा अर्थ लावताना सरकारचं कामगार खातं समुद्रकिनाऱ्यावरचे आणि करमणूक उद्यानांतले ठेलेवाले असं उदाहरण देतं. उन्हाळ्यापुरता उघडणारा तलाव, मुलांची शिबिरं, किनाऱ्यावरचा आइस्क्रीमवाला अशी चित्रं डोळ्यांपुढे ठेवून हे कलम लिहिलं गेलं असणार. बारा दिवस चालणारी जत्रा या व्याख्येत अलगद बसते.

पण मिनेसोटाची जत्रा म्हणजे किनाऱ्यावरचा आइस्क्रीमवाला नव्हे. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या मध्ये, फाल्कन हाइट्समध्ये तिचं कायमचं ३२२ एकरांचं मैदान आहे. २०१९ साली बारा दिवसांत तिथे २१,२६,५५१ जणांनी तिकीट काढून पाऊल ठेवलं. त्याच्या आदल्या वर्षी एकट्या एका शनिवारी २,७०,४२६ माणसं आली होती. २०२५ मध्ये मोठ्यांचं तिकीट २० डॉलरला गेलं. हे आकडे मी कौतुकानेच सांगतो आहे. एवढी माणसं आपण होऊन एका मैदानात येतात, गोठ्यांतून हिंडतात, एकमेकांना वाट देत रांगा लावतात, हे सोपं नाही. पण एवढ्या उलाढालीच्या जागेला 'छोटा हंगामी धंदा' म्हणून कायद्यातून सूट मिळावी, हे मात्र मला अजिबात पटत नाही.

मला ते जास्त लागतं याला एक कारण आहे. कष्टाचा मान कसा करावा हे या जत्रेला जितकं कळतं, तितकं मी दुसऱ्या कुठल्याही सार्वजनिक ठिकाणी पाहिलेलं नाही. राज्याची स्थापना १८५८ ची आणि पहिली स्टेट फेअर १८५९ ची. म्हणजे राज्य झाल्याबरोबर इथल्या माणसांना वाटलं की वर्षातून एकदा सगळ्यांनी आपापलं पिकवलेलं, विणलेलं, पाळलेलं एकमेकांपुढे मांडावं. रामसी काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) आपल्या पुअर फार्मची, म्हणजे निराधारांना ठेवायच्या सरकारी शेताची, जमीन दिली, आणि १८८५ पासून जत्रा तिथेच भरते. यादवी युद्ध आणि इथल्या मूळनिवासी डकोटा लोकांबरोबरचा संघर्ष, शिकागोचं जागतिक प्रदर्शन, दुसऱ्या महायुद्धातली इंधनटंचाई, १९४६ ची पोलिओची साथ आणि २०२० चा कोविड एवढ्या मोजक्या कारणांनीच ती बंद राहिली.

हस्तकला आणि घरगुती पदार्थांच्या इमारतीत जाऊन पाहा. लोणच्यांच्या, मुरांब्यांच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात. परीक्षकांनी बरणी उजेडासमोर धरून पाक स्वच्छ आहे का, फोडी सारख्या आहेत का, हे पाहिलेलं असतं. कृषी इमारतीत मक्याच्या कणसांवरच्या दाण्यांच्या रांगा सरळ आहेत का, टोकापर्यंत दाणा भरला आहे का, यावर गुण असतात. शेजारी बियांची चित्रं. मोहरी, बाजरी, जवस, चिकटवून केलेली. जवळ जाऊन पाहिलं तर एकेक दाणा वेगळा दिसतो आणि हे करायला किती रात्री गेल्या असतील याचा अंदाज येतो. दूध-लोण्याच्या इमारतीत काचेच्या फिरत्या थंड खोलीत एक शिल्पकार स्वेटर, टोपी घालून बसतो आणि ९० पौंडांच्या लोण्याच्या ठोकळ्यातून एका मुलीचा चेहरा कोरतो. ती मुलगी स्वतः समोर कुडकुडत बसलेली असते. या राज्यातल्या डेअरी शेतकऱ्यांची प्रतिनिधी म्हणून तिची निवड झालेली असते. लिंडा क्रिस्टेन्सन यांनी हे काम पन्नास वर्षं केलं. बाहेर लोक काचेला नाक लावून शांतपणे बघत राहतात. चाकूने लोण्याची एक चकती निघते, ती बादलीत पडते आणि गालाची रेघ थोडी पुढे सरकते. माणसाचं काम इतक्या आदराने बघणारी गर्दी मला दुसरीकडे दिसत नाही.

गोठ्यात तर हा आदर आणखी उघड आहे. बारा-तेरा वर्षांची पोरं आपल्या गाईला धुतात, पुसतात, तिच्या शेपटीचा गोंडा विंचरतात आणि दमली की तिच्याच पोटाला टेकून पेंढ्यावर झोपतात. रिंगणात तिला हातात धरून चालवायची, परीक्षकाने विचारलं तर तिचं वय, खाणं, वेत सगळं सांगायचं. पहिल्या क्रमांकाची निळी फीत मिळाली की डोळ्यांत पाणी. ती फीत गाईच्या रूपाला जितकी असते तितकीच पहाटे चारला उठून केलेल्या कामालाही असते, हे तिथल्या प्रत्येक आईबापाला माहीत असतं.

या सगळ्या इमारतींच्या मधल्या रस्त्यांवर जे काम चालतं, त्याला मात्र ना फीत आहे ना परीक्षक. तळणाचे, भाजण्याचे, लिंबू पिळण्याचे शेकडो स्टॉल. चीज कर्ड्स तळणारे, मक्याची कणसं भाजून लोण्यात बुडवणारे, काठीवर खोवलेले प्रॉन्टो पप, म्हणजे पिठात बुडवून तळलेले सॉसेज, काढणारे. संडास धुणारे, कचरा उचलणारे, पार्किंगच्या शटल बसला हात करणारे, पाळण्यांचे दांडे लावणारे. त्यांतली बरीचशी कॉलेजची, शाळेच्या वरच्या वर्गांतली मुलं. बाकीच्यांत निवृत्त माणसं, दोन नोकऱ्या करणारे, जत्रेसाठी नेहमीच्या कामावरून रजा टाकून आलेले.

लेबर डेला दुपारी मी एका तळणाच्या स्टॉलसमोर रांगेत उभा होतो. गर्दी खूप होती आणि रांग हलत नव्हती, त्यामुळे आतलं सगळं नीट दिसत होतं. फ्रायरमागे जाळीदार रबरी चटईवर कुणी तरी पुठ्ठे पसरले होते, पायांना बरं म्हणून. ते तेलाने काळे पडून पारदर्शक झाले होते. झारा धरलेल्या मुलीच्या तीन बोटांना निळ्या पट्ट्या होत्या आणि मनगटापासून कोपरापर्यंत तेलाच्या थेंबांचे बारीक लाल ठिपके, काही ताजे, काही वाळलेले. दर घाण्याला ती टोपली वर काढून दोनदा आपटायची आणि दर वेळी डावा खांदा थोडा उचलून घ्यायची. मागच्या फ्रिजच्या दारावर कामाचा तक्ता चिकटवलेला होता: नावं, तारखा, कामावर यायची वेळ. जायच्या वेळेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, क्लोज. सकाळी कितीला यायचं ते ठरलेलं. जायचं मात्र बंद होईल तेव्हा. बहुतेक नावांपुढे बाराही दिवस भरलेले होते.

तो स्टॉल कुणाचा, तिथे काय मजुरी मिळते, हे मी इथे काढत बसणार नाही. कदाचित तो मालक कायद्यापेक्षा जास्त देतही असेल. अनेक जण देतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच स्टॉलवर परत येणारी कुटुंबं आहेत ती काही उगाच नाहीत. प्रश्न त्या तक्त्याचा आहे. शेवटची वेळ न लिहिता केलेल्या अशा तक्त्याला फेडरल ओव्हरटाइमचा नियम हात लावत नाही, एवढंच मला दाखवायचं आहे.

आता हिशेब करू. समजा, मजुरी ताशी १५ डॉलर आहे आणि कुणी दिवसाला बारा तास याप्रमाणे बाराही दिवस काम केलं. रविवार ते शनिवार असा आठवडा धरला तर मधल्या पूर्ण आठवड्यात ८४ तास भरतात. चाळीसच्या वर ४४ तास. त्या प्रत्येक तासाला साडेसात डॉलर जादा, म्हणजे ३३० डॉलर. एका कॉलेजच्या मुलीच्या पुस्तकांचे पैसे. एवढीच रक्कम सात महिन्यांच्या सवलतीमुळे तिच्या हातात न पडता मालकाकडे राहू शकते. आता दुसऱ्या बाजूनेही बघू. अशा दहा जणांच्या स्टॉलला ३,३०० डॉलर जास्त पडले आणि त्याने दिवसाला हजार याप्रमाणे बारा हजार प्लेट विकल्या, तर एका प्लेटमागे साधारण २७ सेंट येतात. जिथे काठीवरच्या खाण्याला दहा-बारा डॉलर मोजायची लोकांची तयारी आहे, तिथे २७ सेंटांनी जत्रा बुडेल असं म्हणणाऱ्याने स्वतःचा हिशेब मांडावा.

मिनेसोटाचा स्वतःचा मजुरी कायदाही आहे. त्याची किमान मजुरी फेडरलपेक्षा बरीच जास्त आहे, पण ओव्हरटाइम ४८ तासांनंतर सुरू होतो, आणि त्यालाही स्वतःच्या सवलतींची यादी आहे. दोन कायद्यांच्या दोन याद्या, त्यांतून वाट काढायला वकील लागतो. बारा दिवसांच्या कामासाठी कोण वकिलाकडे जाणार? थोड्या दिवसांच्या कामगाराची अडचणच ही आहे. तक्रार उभी राहीपर्यंत जत्रा उठलेली असते, स्टॉलला कुलूप लागलेलं असतं, पोरगी गावी परतलेली असते. ज्याला तक्रार करणं सगळ्यात अवघड, त्याच्यासाठी नियम सगळ्यात सोपा आणि स्पष्ट हवा. आज नेमकं उलट आहे.

सवलतीच्या बाजूने सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा म्हणजे 'फक्त बारा दिवसांचा तर प्रश्न आहे'. पण ओव्हरटाइमचा हिशेब वर्षावर होतच नाही, तो आठवड्यावर होतो. कायदा करणाऱ्यांनी आठवडा हे माप धरलं ते मुद्दामच. थकवा वर्षाअखेरीस येत नाही, शनिवारी रात्री येतो. ८४ तासांच्या आठवड्यानंतर माणूस फ्रायरसमोर उभा असतो तेव्हा त्याच्या पुढचे दहा महिने मोकळे आहेत की नाहीत, याचा तेलाला काही फरक पडत नाही. आणि थोडं काम म्हणजे हक्क नाही, ही कल्पना मिनेसोटाने स्वतःच मोडीत काढली आहे. १ जानेवारी २०२४ पासून इथे आजारपणाच्या पगारी रजेचा कायदा लागू झाला, आणि त्याची अट आहे वर्षाला ८० तास काम. आमच्या हिशेबातल्या मुलीने १४४ तास भरले. आजारी पडली तर तिला हक्क आहे असं राज्य मानतं. मग आजारी न पडता राबली तर तिला दीडपट का नको?

दुसरा मुद्दा असा की ही मुलांची पहिली नोकरी असते, मजा असते, मैत्री होते. हे खरं आहे. माझ्या ओळखीतल्या मराठी घरांतली मुलंही उन्हाळ्यात तिथे काम करून आली आणि त्यांना ते दिवस आवडले. पण म्हणूनच माझा आग्रह जास्त आहे. सोळाव्या वर्षी आपल्या श्रमाची किंमत काय हे माणूस जिथे पहिल्यांदा शिकतो, तिथे त्याने काय शिकावं? जास्तीचा तास जास्तीचा असतो, तो मागून घ्यायचा असतो, आणि मागितला म्हणून कुणी वाकडं बघत नाही, हे शिकावं. बंद होईपर्यंत थांबायचं आणि गप्प बसायचं, हे तो तिथे शिकला तर पुढे चाळीस वर्षं तेच करील.

तिसरा मुद्दा मात्र मला मान्य आहे. मिनेसोटात जवळजवळ प्रत्येक काउंटीची स्वतःची छोटी जत्रा असते. चार-पाच दिवसांची, गावातल्या लोकांनी फुकट राबून उभी केलेली. स्टेट फेअरमध्येही हॅम्लिन चर्चचं भोजनगृह आहे, १८९७ पासूनचं, चर्चची माणसं स्वयंसेवक म्हणून चालवतात. त्यांच्यावर हजेरीपटांचा आणि दंडांचा बोजा टाकू नये. पण त्यासाठी सगळ्यांना सरसकट सूट द्यायची गरज नाही. याच फेडरल कायद्यात वर्षाला पाच लाख डॉलरच्या उलाढालीची एक मर्यादा आधीपासून आहे. त्याखालचा छोटा धंदा सहसा त्याच्या कक्षेत येतच नाही. काउंटीची जत्रा आणि एकवीस लाखांची जत्रा यांत फरक करणं अवघड आहे असं कुणी म्हणू नये. आणि या सवलतीला कात्री लावता येत नाही, असंही नाही. १९७७ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, राष्ट्रीय उद्यानं आणि राष्ट्रीय जंगलांतल्या खासगी ठेकेदारांना या सवलतीतून बऱ्याच अंशी बाहेर काढलं. किमान मजुरी द्या आणि ५६ तासांपलीकडे ओव्हरटाइम द्या, असं ठरलं. हंगाम त्यांचाही छोटाच होता, तरी उद्यानं चालू आहेत आणि तिथे जेवणही मिळतं. जत्रांना तोच न्याय लावायला काय हरकत होती, याचं उत्तर मला सापडत नाही.

फिरत्या पाळणेवाल्यांचं दुखणं याहून खोल आहे. देशभरच्या जत्रांतले पाळणे उभे करायला एच-२बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर मेक्सिकोतून मजूर येतात. बेराक्रूस राज्यातलं त्लापाकोयान नावाचं एक गाव तर यासाठीच ओळखलं जातं. त्यांचा व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असतो, राहणं मालकाने दिलेल्या गाडीत, एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत. ओव्हरटाइमची सवलत त्यांनाही लागू होऊ शकते. त्यांच्याविषयी स्वतंत्र लेखच हवा, इथे नुसती आठवण करून देतो.

आता इतिहासातली एक गोष्ट, जी मिनेसोटात फार जणांना अर्धीच ठाऊक आहे. १९०१ चा लेबर डे २ सप्टेंबरला होता. त्या दिवशी याच मैदानावर उपाध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट बोलायला आले होते. चारच दिवसांनी बफेलोत अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि १४ सप्टेंबरला रूझवेल्ट स्वतः अध्यक्ष झाले. त्या भाषणातली हळू बोलावं आणि हातात मोठा सोटा ठेवावा ही म्हण जगभर गेली. शाळेतली मुलंही ती सांगतात. पण त्याच भाषणात, कामगार दिनी, जत्रेतल्या शेतकऱ्यांसमोर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: मजुरीवर जगणाऱ्यांच्या हिताची नीट राखण करणारे कायदे नुसते इष्ट नाहीत, आवश्यक आहेत. आणि त्याचं कारणही त्यांनी दिलं होतं. ज्यांना सदसद्विवेक नाही आणि जे शिक्षेच्या भीतीनेच नीट वागतात, त्यांच्याशी स्पर्धा करताना प्रामाणिक, माणुसकी असलेला मालक मागे पडतो. कायद्याने त्याचा हा तोटा भरून निघतो.

माझ्या मते एवढ्यात सगळा युक्तिवाद आला. शेजारी शेजारी दोन स्टॉल आहेत. एक मालक स्वतःहून दीडपट मजुरी देतो, मुलांना आळीपाळीने सुट्टी देतो, त्यासाठी चार माणसं जास्त ठेवतो. दुसरा कायद्याची सूट पुरेपूर घेतो. कणसाचा भाव दोघांनाही सारखाच ठेवावा लागतो. आजचा कायदा यांतल्या दुसऱ्याच्या पाठीशी उभा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी याच मैदानावर जे सांगितलं गेलं, ते आपण अर्धंच लक्षात ठेवलं.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटू नये. आपला १ मे मुळात इथलाच. १८८६ च्या १ मे रोजी शिकागोच्या आणि इतर शहरांच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला, त्याची आठवण जगाने ठेवली. अमेरिकेने मात्र १८९४ साली, पुलमनच्या रेल्वे संपाच्या ऐन धुमश्चक्रीत, सप्टेंबरचा सोमवार सुट्टीचा म्हणून जाहीर केला. आणि शिकागोचा तो संप होत होता त्याच काळात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा घेत होते, सह्यांचे अर्ज सरकारकडे पाठवत होते. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा त्या दिवशी गिरण्यांचे भोंगे बंद ठेवा, असं त्यांनी मांडल्याचं सांगतात. १० जून १८९० ला ती साप्ताहिक सुट्टी मिळाली. देवाचा वार कामगाराचा वार झाला. जत्रा, देव आणि विश्रांती यांचा संबंध आपल्याला असा जुना ठाऊक आहे. सणाचा दिवस असेल तर त्यात राबणाऱ्यालाही वाटा असतो, हे लोखंड्यांनी मालकांकडून कबूल करून घेतलं होतं.

मिनेसोटाच्या फेअरमध्ये राज्यातल्या कामगार संघटनांचा स्वतःचा मंडपही आहे. लेबर डेला तिथे लोक थांबतात, पत्रकं घेतात, सावलीत बसतात. मंडप असणं चांगलंच. पण त्या मंडपापासून हाकेच्या अंतरावर ज्या तक्त्यात जायची वेळ लिहिलेली नसते, त्याबद्दल त्या मंडपातून मागणी उठायला हवी. एवढ्या मोठ्या गर्दीला कामगार कायदा समजावून सांगण्याची अशी संधी वर्षातून दुसरी येत नाही.

फेडरल कायदा बदलायला वेळ लागेल, आजच्या काँग्रेसकडून तर लवकर आशा नाही. पण जत्रेला त्यासाठी थांबावं लागत नाही. ती चालवते मिनेसोटा स्टेट ॲग्रिकल्चरल सोसायटी. ही कुणा एकाच्या मालकीची कंपनी नव्हे, राज्याच्या कायद्याने बनलेली सार्वजनिक संस्था आहे. १९४९ पासून ती नेहमीच्या सरकारी तरतुदीशिवाय, स्वतःच्या कमाईवर चालत आली आहे, आणि तो तिचा रास्त अभिमान आहे. स्टॉल कुणाला द्यायचा, कोणता नवा पदार्थ विकायला परवानगी द्यायची, स्टॉल कसा दिसावा, स्वच्छता कशी राखावी, यावर तिची बारीक नजर असते, आणि जागा मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं अर्ज करतात. परवाना देणाऱ्याकडे एवढा अधिकार असेल तर त्या परवान्यात मजुरीची दोन कलमं घालणं त्याला अशक्य नाही.

सोसायटीची वार्षिक सभा जानेवारीत भरते. राज्यभरच्या काउंटी जत्रांचे प्रतिनिधी तिथे येतात आणि संचालक मंडळ निवडतात. माझ्या काउंटीच्या प्रतिनिधींना मी पत्र लिहिलं आहे. त्यात दोनच मागण्या आहेत. ठरावीक उलाढालीवरच्या प्रत्येक स्टॉलने आणि पाळणेवाल्याने आठवड्याला ४० तासांपलीकडे दीडपट मजुरी द्यावी, कायद्यात सूट असो वा नसो. आणि बारा दिवसांत प्रत्येकाला एक पूर्ण दिवस पगारी सुट्टी असावी, तिची तारीख तक्त्यावर लिहिलेली असावी, आणि तक्त्यातल्या जायच्या वेळेच्या रकान्यात शब्दाऐवजी आकडा असावा. जुळ्या शहरांतल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे की त्यांनीही आपापल्या काउंटीला हेच लिहावं. सभेच्या आधी महिनाभर पत्रं पोचली तर विषयपत्रिकेवर घेण्याचा आग्रह धरता येईल.